गल्ल्यातून चाललेलं सरकार: जॅक लँग आणि न्यू साउथ वेल्सची मंदी

मार्च १९३२ च्या मध्यावर न्यू साउथ वेल्स सरकारने बँकांमधली आपली खाती रिकामी केली. दहा लाख पौंडांहून जास्त रक्कम नोटांच्या रूपात उचलून सिडनीतल्या खजिना कार्यालयात आणून ठेवली. त्यानंतर जवळजवळ दोन महिने ऑस्ट्रेलियातलं सर्वाधिक लोकसंख्येचं राज्य किराणा दुकानासारखं गल्ल्यातून चाललं. पगार रोख, देणी रोख, जमा झालेला पैसाही बँकेत न टाकता कार्यालयातच ठेवायचा. पैसा बँकेत दिसला की केंद्र सरकार त्यावर टाच आणणार, हे मुख्यमंत्र्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या मुख्यमंत्र्याचं नाव जॉन थॉमस लँग. लोक जॅक म्हणत, आणि सहा फूट चार इंच उंचीमुळे ‘बिग फेला’ही म्हणत. तिकडे राज्याच्या मुख्यमंत्र्याला प्रीमियर म्हणतात, पण मी मुख्यमंत्री, राज्यपाल हेच शब्द वापरतो, कारण पदांचं नातं साधारण तेच आहे. फरक इतकाच की त्या काळी राज्यपाल लंडनहून यायचा.

लँगचं प्रकरण सहसा ‘गरिबांचा कैवारी विरुद्ध लंडनचे सावकार’ असं सांगितलं जातं, नाहीतर ‘बेताल पुढारी विरुद्ध कायदा’ असं. दोन्ही बाजूंच्या गोष्टीत शेवटचा घाव राज्यपालाचाच असतो. मला ते अर्धवट वाटतं. लँगला पदावरून काढलं राज्यपालाने, पण पाडलं त्याच्याच मतदारांनी, आणि त्या पाडण्याची सुरुवात वर्षभर आधी एका बचत बँकेच्या बंद दारापाशी झाली होती.

माणूस

लँगचा जन्म १८७६ चा, सिडनीतला. बाप स्कॉटिश घड्याळजी, आई आयरिश. घरची परिस्थिती ओढगस्तीची. पोरवयात त्याने सिडनीच्या रस्त्यांवर वर्तमानपत्रं विकली. १८९३ साली ऑस्ट्रेलियात बँका धडाधड बुडाल्या तेव्हा तो सतरा वर्षांचाही नव्हता. पुढे ऑबर्न या उपनगरात जमीन-घरांची दलाली आणि लिलावाचा धंदा करून त्याने बस्तान बसवलं, तिथलाच महापौर झाला आणि १९१३ मध्ये लेबर पक्षाकडून विधानसभेत गेला. मजुरांचा हा पुढारी स्वतः कारखान्यातून आलेला नव्हता. घराचे हप्ते, गहाणखत, भाडं ही त्याची रोजची भाषा होती. अर्थमंत्री म्हणून त्याने १९२०–२२ मध्ये राज्याचे हिशेबही पाहिले होते.

१९२५ ते १९२७ या पहिल्या कारकिर्दीत त्याने विधवांना निवृत्तिवेतन सुरू केलं, कामगार नुकसानभरपाईचा कायदा केला, ४४ तासांचा आठवडा आणला आणि मुलांसाठी कुटुंबभत्ता दिला. विधवा निवृत्तिवेतन ही त्या काळात देशात नवलाईची गोष्ट होती. १९२७ ला तो हरला, पण ज्या घरात दरमहा ते पैसे येत होते तिथे त्याचं नाव विसरलं गेलं नाही. पुढे मंदीत लोक त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात, त्याचं भांडवल इथे साठलेलं आहे. ‘लँग इज राइट’ ही घोषणा हवेतून आलेली नव्हती.

स्वभाव मात्र तिरसट. मित्र थोडे, मंत्रिमंडळाशी सल्लामसलत त्याहून थोडी. भाषणात गुरगुरायचा. पक्षात त्याच्या शब्दाबाहेर जाणाऱ्याचं काही खरं नसे.

दोरी कुणाच्या हातात होती

ऑस्ट्रेलिया लोकर आणि गहू विकायचा आणि लंडनहून कर्ज काढायचा. १९२० च्या दशकात रेल्वे, धरणं, रस्ते, शहरांच्या सोयी आणि सिडनी बंदरावरचा तो प्रचंड पूल, सगळं कर्जावर. १९२९ नंतर लोकरीचा भाव निम्म्यावर आला आणि लंडनने नवं कर्ज द्यायचं बंद केलं. व्याज मात्र पौंडांत, ठरल्या तारखेला, जुन्याच दराने. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही: पीक अर्ध्या भावात गेलं म्हणून सावकाराचा हप्ता अर्धा होत नसतो.

जुलै १९३० मध्ये बँक ऑफ इंग्लंडचे सर ओटो नीमायर ऑस्ट्रेलियात आले. त्यांचं निदान सरळ होतं: देश ऐपतीपेक्षा चांगला जगतो आहे, राहणीमान खाली आणा, अंदाजपत्रकं जुळवा. ऑगस्टमध्ये मेलबर्नला केंद्र आणि सर्व राज्यांनी तसा करारच केला. केंद्रातही तेव्हा लेबरचंच सरकार होतं, पंतप्रधान जेम्स स्कलिन.

आता राज्याच्या मुख्यमंत्र्याच्या हातात नेमकं काय उरलं होतं? १९२७ च्या वित्तीय कराराने राज्यांची कर्जं केंद्राने आपल्या नावावर घेतली होती आणि नवं कर्ज काढायचं तर सर्व सरकारांच्या सामाईक कर्ज मंडळाकडे जावं लागे. १९२८ च्या सार्वमताने हे थेट राज्यघटनेत गेलं. नोटा छापायचा अधिकार कॉमनवेल्थ बँकेकडे, आणि तिचे अध्यक्ष सर रॉबर्ट गिब्सन खुद्द केंद्रीय अर्थमंत्र्यालाही भीक घालत नव्हते. राज्याकडे उरली बेकारांना शिधा देण्याची जबाबदारी, शाळा, इस्पितळं, पोलीस आणि रेल्वेचा तोटा. खर्च सगळा खाली, नळाची चावी वर. आपल्या घटनेतल्या कलम २९३ प्रमाणे केंद्राचं देणं शिल्लक असलेल्या राज्याला नवं कर्ज काढायला केंद्राची संमती लागते. दर अर्थसंकल्पाच्या सुमारास त्यावरून होणारी कुरबुर आठवली तर लँगची अडचण लगेच कळेल.

२५ ऑक्टोबर १९३० च्या निवडणुकीत लँगने प्रचार केला तो नीमायरविरुद्ध. पगारकपात करणार नाही, कामं काढीन. लेबरला ९० पैकी ५५ जागा मिळाल्या.

निवडून आल्यावर त्याने केलं काय? घरभाडं थकलेल्यांना हुसकावण्यावर आणि गहाण घरांच्या जप्तीवर स्थगिती आणणारे कायदे. बेकारी निवारणासाठी कमाईवर पौंडामागे एक शिलिंगचा कर. इस्पितळांसाठी १९३१ मध्ये सरकारी लॉटरी, जिला चर्चच्या मंडळींनी नाकं मुरडली. बेकारांना पैसे नव्हे, शिध्याचे कूपन मिळत. तो शिधा घेणारी माणसं शहराच्या कडेला, ला पेरूजजवळ पत्रे-गोणपाटांच्या वस्तीत राहत. वस्तीचं नाव हॅपी व्हॅली. बंदरावरच्या पुलाचं काम चालू होतं, म्हणून तरी हजारो चुली पेटत होत्या. आपल्या दुष्काळी कामांसारखंच, फक्त खडीऐवजी पोलाद.

स्थगिती कायद्यांना फटी होत्याच. जून १९३१ मध्ये बँक्सटाउन आणि न्यूटाउन इथे भाडेकरूंना बाहेर काढायला पोलीस गेले तेव्हा बेकारांच्या संघटनेची माणसं वाळूची पोती रचून घरात बसली होती. लाठ्या, दगड, गोळ्या सगळं झालं. सरकार लँगचं आणि पोलीसही लँगच्याच सरकारचे. त्याचे भक्त हा भाग गाळतात.

लँग योजना

९ फेब्रुवारी १९३१ ला कॅनबेरात मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत त्याने आपली योजना टाकली. ब्रिटिश रोखेधारकांना व्याज देणं थांबवायचं, जोवर ब्रिटन ऑस्ट्रेलियाला तशीच सवलत देत नाही जशी अमेरिकेने युद्धकर्जावर ब्रिटनला दिली होती. देशांतर्गत सरकारी कर्जावरचा व्याजदर तीन टक्क्यांवर आणायचा. आणि सोन्याऐवजी देशात तयार होणाऱ्या मालाच्या आधारावर चलन काढायचं.

तिसरा मुद्दा धूसर होता. तो अमलात कसा आणायचा हे त्याने कधी नीट सांगितलं नाही. पहिले दोन मात्र वेडगळ नव्हते. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही हे दामदुपटीचं तत्त्व आपल्याकडच्या धर्मशास्त्रात आहे, आणि १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या खतांची होळी केली त्यामागचा हिशेबही हाच होता. लँगने काही जाळलं नाही. तो फक्त म्हणाला, आधी पोरांना जेवू घालू, हप्त्याचं मग बघू.

गंमत अशी की चारच महिन्यांनी, जून १९३१ मध्ये, सर्व सरकारांनी जी ‘प्रीमियर्स प्लॅन’ मान्य केली तिच्यात पगार-पेन्शनसह सरकारी खर्चात २० टक्के कपात होती, आणि देशांतर्गत कर्जावरचं व्याजही २२.५ टक्क्यांनी कमी केलं गेलं. म्हणजे लँगच्या दुसऱ्या मुद्द्याचा सौम्य अवतार सभ्य माणसांनी स्वीकारला. आणि कपातीच्या त्या करारावर खुद्द लँगनेही सही केली. सभेत एक, कागदावर दुसरं. त्याला पर्याय नव्हता. सही न करता कर्ज मंडळाकडून एक पेनीही सुटली नसती.

पासबुक

मध्येच एप्रिल १९३१ येऊन गेला होता, आणि माझ्या मते सगळं प्रकरण त्या महिन्यात फिरलं.

१ एप्रिलला लंडनमध्ये न्यू साउथ वेल्सच्या कर्जाचं व्याज द्यायचं होतं. लँगने मार्चअखेर जाहीर केलं की देणार नाही. स्कलिनच्या केंद्र सरकारने राज्याच्या वतीने पैसे भरले आणि राज्यावर वसुलीचा दावा लावला. लंडनचा रोखेधारक निर्धास्त राहिला.

सिडनीतला ठेवीदार निर्धास्त राहिला नाही. गव्हर्नमेंट सेव्हिंग्ज बँक ऑफ न्यू साउथ वेल्स ही राज्याची बचत बँक. मार्टिन प्लेसमध्ये १९२८ साली तिने मुख्य कचेरी बांधली होती, गुलाबी ग्रॅनाइटच्या पायाची, राजवाड्याला लाजवील अशा दालनाची. आजही ती इमारत उभी आहे, वेगळ्या वित्तसंस्थेच्या ताब्यात. बँकेत पैसा कुणाचा? ट्राम कंडक्टरचा, शाळामास्तरणीचा, गोदी कामगाराचा, नवरा गेलेल्या बाईचा. गडगंज लोकांची खाती दुसरीकडे असतात.

विरोधकांनी १९३० च्या प्रचारातच पेरणी केली होती: लँग आला की तुमच्या ठेवी गेल्या. तेव्हापासून खात्यांतून पैसे निघत होते. थोडे थोडे, पण रोज. बँकेने ठेवींतला पैसा राज्य सरकारच्या रोख्यांत आणि लोकांच्या घरांच्या, शेतीच्या कर्जांत गुंतवलेला होता. धंदा म्हणून यात गैर काही नव्हतं. पण ज्या दिवशी राज्याचा मुख्यमंत्रीच म्हणाला की आम्ही व्याज देणार नाही, त्या दिवशी ‘आमच्याकडे राज्य सरकारचे रोखे आहेत’ या वाक्याचा अर्थ बदलला. सरकारची हमी असलेली बँक, आणि हमी देणारं सरकार म्हणतं देणं थांबवतो. रांगा लागल्या.

सहकारी बँकेवर निर्बंध आल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी शटरसमोर कोण उभं असतं, हे महाराष्ट्रातल्या माणसाला सांगायला नको. हातात पिशवी, पिशवीत पासबुक, आणि प्रत्येकाचं एक लग्न किंवा ऑपरेशन अडलेलं. सिडनीतही तीच माणसं. २२ एप्रिल १९३१ ला बँकेने दारं बंद केली. डिसेंबरमध्ये ती कॉमनवेल्थ बँकेत विलीन झाली. ठेवीदारांचे पैसे शेवटी बुडाले नाहीत, पण मधले महिने मंदीच्या ऐन तडाख्यातले होते. संघटित कामगारांतली बेकारी तेव्हा ३० टक्क्यांकडे चालली होती. ज्याची नोकरी गेली त्याने साठवलेले चाळीस पौंड त्याच वेळी गोठले.

लँगच्या बाजूने बोलायचं तर बँकेतून पळापळ विरोधकांनी भडकवली होती आणि कॉमनवेल्थ बँकेने वेळेवर हात दिला नाही. दोन्ही खरं. पण थकबाकीची घोषणा करताना, त्या घोषणेने आधी कुणाची तिजोरी रिकामी होईल, एवढा साधा प्रश्न त्याने विचारलेला दिसत नाही. गहाणखतं कोळून प्यालेल्या माणसाने तो विचारायला हवा होता. सावकाराला दम देताना आपल्याच घरातल्या म्हातारीची पुरचुंडी त्याच पेटीत आहे, हे विसरून कसं चालेल?

पक्ष फुटला

केंद्रातलं सरकार आपल्याच पक्षाचं असताना लँगने त्याच्याशी उघड युद्ध पुकारलं. मार्च १९३१ मध्ये ईस्ट सिडनीची पोटनिवडणूक लँग योजनेच्या नावावर लढवून एडी वॉर्ड जिंकला. स्कलिनच्या गटाने त्याला आत घेतलं नाही, न्यू साउथ वेल्सची शाखाच पक्षाबाहेर गेली आणि लँग लेबर असा वेगळा गट संसदेत बसू लागला. नोव्हेंबरमध्ये त्या गटाने विरोधकांबरोबर मत देऊन स्कलिन सरकार पाडलं.

याहून मोठी चूक त्याने दुसरी केली नाही असं मला वाटतं. स्कलिन लँगवर चिडलेला होता, पण त्याच्या थकलेल्या हप्त्यांचे पैसे भरत होता. डिसेंबरच्या निवडणुकीतून जो आला तो जोसेफ लायन्स, स्कलिनच्याच मंत्रिमंडळातून फुटून नव्या युनायटेड ऑस्ट्रेलिया पार्टीचा नेता झालेला. चिडका भाऊ घालवून लँगने दारात कोर्टाचा बेलिफ आणला.

फीत

बंदरावरचा पूल १९ मार्च १९३२ ला खुला झाला. सिडनीत राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या फोटोत हा पूल असतोच. आईबाबा भारतातून आले की पहिला फोटो तिथला. पण ज्या सकाळी त्याची फीत कापली गेली तेव्हा राज्याच्या तिजोरीतले पैसे नुकतेच बँकांतून उचलून आणले होते, आणि शहरात दोन तट पडले होते.

फीत कोण कापणार यावरूनच रण माजलं होतं. साम्राज्यातला एवढा मोठा पूल, तर राजघराण्यातलं कुणी, निदान गव्हर्नर जनरल तरी हवा, असं प्रतिष्ठित मंडळींचं म्हणणं. लँग म्हणाला, राज्याचा पूल आहे, राज्याचा मुख्यमंत्री कापेल. त्याच्या विरोधात ‘न्यू गार्ड’ नावाची निमलष्करी संघटना फेब्रुवारी १९३१ पासून कवायती करत होती. एरिक कॅम्बेल तिचा म्होरक्या. तिचे सभासद बहुतेक युद्धातून परतलेले अधिकारी, व्यापारी, पांढरपेशे. लँग म्हणजे बोल्शेविक, अशी त्यांची खात्री. कामगारांच्या सभांत ‘लँग लेनिनपेक्षा मोठा’ अशी भाषा चालायची, तेव्हा त्यांना दोषही किती द्यायचा.

भाषणं चालू असताना मिरवणुकीतल्या घोडदळाच्या मागून लष्करी गणवेशातला एक स्वार पुढे आला आणि तलवारीने फीत कापून मोकळा झाला. फ्रान्सिस डी ग्रूट, आयर्लंडहून आलेला, जुन्या फर्निचरचा व्यापारी, न्यू गार्डचा माणूस. घोडा उसना आणलेला. न्यू साउथ वेल्सच्या सभ्य, प्रतिष्ठित नागरिकांच्या नावाने पूल खुला करतो, असं तो ओरडला. पोलिसांनी त्याला खाली ओढलं. आधी वेड्यांच्या तपासणीला नेलं. तो शहाणा निघाल्यावर न्यायालयाने पाच पौंड दंड केला. फीत पुन्हा बांधली आणि लँगने ती कापली.

ही घटना आता विनोद म्हणून सांगितली जाते. पण सात आठवड्यांनी, मेच्या पहिल्या आठवड्यात, न्यू गार्डच्या टोळीने कामगार पुढारी जॉक गार्डनला त्याच्या घरी जाऊन मारहाण केली. त्या मंडळींना नुसती फीत कापायची नव्हती.

परिपत्रक

लायन्स सरकारने मार्चमध्ये वित्तीय करार अंमलबजावणी कायदा केला. राज्याने थकवलं तर केंद्र राज्याचा महसूल थेट उचलू शकेल. एप्रिलमध्ये हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, चार विरुद्ध दोन अशा मतांनी तो वैध ठरवला. आता न्यू साउथ वेल्सच्या करदात्याने आयकर राज्याकडे नव्हे, केंद्राच्या खात्यात भरायचा होता.

लँगचं उत्तर आपण सुरुवातीला पाहिलं. सगळं रोख. पण रोख राज्य चालवायला माणसं लागतात: काउंटरवरचा कारकून, रेल्वेचा खजिनदार, मुद्रांक विकणारा. त्यांच्या हाती आलेला पैसा बँकेत गेला तर केंद्र पकडणार. म्हणून सरकारचं परिपत्रक निघालं की जमा रक्कम खजिन्यातच आणायची. दुसरीकडे केंद्राचा हुकूम होता की ती केंद्राकडे भरायची. बिचाऱ्या कारकुनाने ऐकायचं कुणाचं? एकाचं ऐकलं तर नोकरी जाईल, दुसऱ्याचं ऐकलं तर कायदा मोडेल.

राज्यपाल सर फिलिप गेम हा निवृत्त एअर व्हाइस मार्शल, १९३० मध्ये आलेला. त्याच्यावर वर्षभर लँगला हाकला म्हणून दबाव होता. उलट नोव्हेंबर १९३१ मध्ये त्याने लँगच्या शिफारशीवरून वरिष्ठ सभागृहात २५ सभासद नेमले, तेव्हा बडी मंडळी त्याच्यावरच उलटली. ते सभागृह रद्द करायचा लँगचा प्रयत्न सार्वमताच्या अटीवर अडला होता. ट्रेथोवन खटला तो हाच, घटनाकायदा शिकलेल्यांना नाव आठवेल. गेमला लँग व्यक्तिशः आवडायचाही. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला हात लावायचा नाही, ही त्याची धारणा होती.

परिपत्रकाने ती मोडली. गेमने लँगला विचारलं, हे बेकायदा आहे. एक तर कायदेशीर असल्याचं दाखवा, नाहीतर मागे घ्या, नाहीतर राजीनामा द्या. लँगने लेखी उत्तर दिलं की यातलं काहीच करणार नाही. त्याच दिवसांत त्याने गहाणखतांवर १० टक्के कर लावणारं विधेयक सभागृहांतून रेटून नेलं होतं; पैसा उभा करायचा शेवटचा डाव. शुक्रवार, १३ मे १९३२ ला गेमने त्याला बडतर्फ केलं आणि विरोधी पक्षनेता बर्ट्रम स्टीव्हन्स याला काळजीवाहू मुख्यमंत्री केलं.

गेमने केलं ते बरोबर की चूक यावर घटनातज्ज्ञ आजही भांडतात. कायदा मोडला की नाही हे न्यायालयाने ठरवायचं, राज्यपालाने नव्हे, हा आक्षेप मला वजनदार वाटतो. चार दिवसांत न्यायालयात जाता आलं असतं. राजभवनातून सरकारं घडतात-बिघडतात याचा आपल्याला भरपूर अनुभव आहे, त्यामुळे मराठी वाचकाचा कल बहुधा लँगकडे झुकेल. तरी गेमच्या बाजूची एक गोष्ट मान्य करायला हवी: त्याने दुसऱ्याला खुर्ची दिली ती महिन्याभरात निवडणूक घ्यायच्या अटीवर.

लँग गेला मात्र शांतपणे. ना रस्त्यावर हाक, ना खजिन्यात ठिय्या. मी आता मुख्यमंत्री नाही, मोकळा माणूस आहे, असं सांगून तो घरी निघाला. न्यू गार्ड वर्षभर ज्या यादवीची वाट बघत होता, ती झालीच नाही. तिरसट माणसाच्या या एका संयमाचं श्रेय त्याला क्वचित मिळतं.

११ जून

निवडणुकीआधी ५ जूनला मूर पार्कवर लँगची सभा झाली. सिडनीने तेवढी राजकीय गर्दी क्वचितच पाहिली असेल. फोटोत टोप्यांचा समुद्र दिसतो. बडतर्फीने सहानुभूतीची लाट येणार असं त्या मैदानावर उभ्या कुणालाही वाटलं असतं.

सहा दिवसांनी लेबर ५५ वरून २४ जागांवर आला. मतं ५५ टक्क्यांच्या आसपास होती, ती ४० टक्क्यांच्या आसपास उतरली.

हे आकडे उलटसुलट वाचता येतात. बडतर्फ झालेल्या, वर्तमानपत्रांनी झोडपलेल्या, पक्ष फुटलेल्या माणसाला दहातल्या चौघांनी तरीही मत दिलं, हे थोडं नाही. ते चौघे मूर पार्कवर होते. पण १९३० ला त्याला मत देणाऱ्या दर चारांतला एक जण निघून गेला, आणि तो काही लंडनचा रोखेधारक नव्हता. तो उपनगरातला, नोकरी कशीबशी टिकलेला, थोडी शिल्लक असलेला माणूस होता. लँगच्या भाषणातल्या गोऱ्या सावकाराशी त्याचं देणंघेणं नव्हतं. मार्टिन प्लेसच्या दारासमोर मात्र त्याने आठ महिने काढले होते. आता पगारही परिपत्रकांच्या भांडणात अडकणार का, ही धास्ती त्यात आणखी.

व्याजाच्या वादात इतिहास लँगच्या बाजूने सरकला. ब्रिटनने सप्टेंबर १९३१ मध्ये सोन्याचा आधार सोडला, आणि १९३४ पासून अमेरिकेच्या युद्धकर्जाचे हप्ते देणं बंद केलं. ज्या गोष्टीसाठी लँगला दरोडेखोर म्हटलं गेलं, ती लंडनने टाय लावून केली. पण लंडनकडे स्वतःचं चलन होतं, स्वतःची मध्यवर्ती बँक होती. लँगकडे कचेरीत रचलेल्या नोटा होत्या, आणि त्या रोज कमी होत होत्या.

पुढे

विरोधी पक्षनेता म्हणून लँग १९३५ आणि १९३८ च्या निवडणुका हरला. १९३९ मध्ये विल्यम मॅकेलने त्याला पक्षनेतेपदावरून हटवलं, १९४१ मध्ये तोच मॅकेल मुख्यमंत्री झाला, आणि १९४३ मध्ये पक्षाने लँगला काढून टाकलं. १९४६ मध्ये तो अपक्षासारखा एकट्याच्या बळावर रीड मतदारसंघातून केंद्रीय संसदेत गेला आणि तीन वर्षं आपल्याच जुन्या पक्षाच्या सरकारला टोचत बसला. १९४९ ला ब्लॅक्सलंडमधून हरला. पुलाचं कर्ज १९८८ साली फिटलं.

उतारवयात तो सिडनीत स्वतःचं साप्ताहिक चालवायचा. रस्त्यावर वर्तमानपत्रं विकणारं पोर म्हातारपणी पुन्हा वर्तमानपत्रातच आलं. साठच्या दशकात बँक्सटाउनचा एक तरुण त्याच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत नेमाने येऊ लागला आणि समोर बसून ऐकू लागला. त्याचं नाव पॉल कीटिंग. तो १९६९ मध्ये ब्लॅक्सलंडमधूनच निवडून आला, १९७१ मध्ये लँगला पक्षात परत घ्यावं म्हणून धडपडला, आणि म्हातारा परत आत आला. पुढे कीटिंग देशाचा अर्थमंत्री झाला, मग पंतप्रधान.

लँग २७ सप्टेंबर १९७५ ला वारला, वयाच्या ९८ व्या वर्षी. ४५ दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, गव्हर्नर जनरलने गॉफ व्हिटलम या लेबर पंतप्रधानाला बडतर्फ केलं.